ट्रॉली, ट्रेलर आणि खिशातला परवाना
(येरवड्याच्या प्रौढ साक्षरता वर्गापुढे झालेले भाषण)

मंडळी,

आजचा धडा पुस्तकात नाही. तो तुमच्यापैकी कित्येकांच्या खिशात आहे. मोटार चालवण्याचा परवाना, तुम्ही ज्याला लायसन म्हणता, तो आज आपण वाचायचा आहे.

मागल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक गडी मागे थांबला. वय ४४. नाव सांगत नाही, कारण तो इथेच बसला आहे. अकरा वर्षे तो ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, बांधकामावरचा राडारोडा भरायचा आणि नेऊन ओतायचा, हे त्याचे काम. आता मालकाने पोकलेन यंत्र वाहून नेण्यासाठी मोठा ट्रेलर घेतला. लांबलचक, सपाट, आणि पुढे ओढायला दणकट ट्रक. मालक म्हणाला, “ट्रेलरच तर आहे. रोज ओढतोस की! हा ओढ, पगार वाढवतो.” गड्याने दोन रात्री नगर रस्त्याने तो ओढलाही. तिसऱ्या दिवशी कार्ड घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा. झोप लागत नाय.”

आम्हाला स्वतःला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही. पण वाचता येते. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. तो आणून वाचला. मॅट्रिक झालेल्या माणसाला तो समजायला पंधरा दिवस लागले. जे समजले ते सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. आपल्या कायद्यात ‘हलके मोटार वाहन’ असा एक वर्ग आहे. कार्डावर त्याची तीन इंग्रजी अक्षरे असतात : एल, एम, व्ही. हलके म्हणजे किती? ७,५०० किलोपर्यंत. पण इथे गंमत आहे, नीट ऐका. ट्रॅक्टर असेल तर रिकाम्या ट्रॅक्टरचे वजन धरतात. मालगाडी असेल तर गाडी आणि तिच्यात भरायचा माल, असे दोन्ही मिळून धरतात. हे एकूण वजन गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात, म्हणजे आरसीत, लिहिलेले असते. शेतीचा ट्रॅक्टर साधारण दोन-अडीच टनांचा. तो हलक्यातच बसतो. तुमचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो भरला तरी हलकाच. पण दोन आसांचा मोठा मालट्रक भरून १८-१९ टनांवर जातो. आणि ट्रेलर ओढणाऱ्या सगळ्यांत मोठ्या गाड्यांना २०१८ पासून ५५ टनांपर्यंत मुभा आहे. ५५ टन म्हणजे ५५,००० किलो. हा आकडा पाटीवर लिहून घ्या, शून्ये मोजून.

मग ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की परवाना बदलतो का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विमा कंपनीचे म्हणणे असे, की मालाची ट्रॉली जोडली म्हणजे ती मालगाडी झाली, आता ट्रॅक्टरचा परवाना चालणार नाही. २००१ साली नागशेट्टी खटल्यात न्यायालयाने हे म्हणणे मानले नाही. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना असेल, तर ट्रॉली जोडल्याने तो निकामी होत नाही. पुढे हलक्या मालगाड्यांचा वाद निघाला. त्यात २०१७ साली निकाल झाला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी तो कायम केला. एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. हजारो टेम्पोवाल्यांच्या पोटाचा प्रश्न होता तो.

म्हणजे आमच्या गड्याची अकरा वर्षे कायदेशीर होती. दोन रात्री मात्र नव्हत्या.

कारण त्या आकड्याच्या वर गेले की ‘परिवहन वाहन’ अशी नोंद परवान्यावर लागते. कार्डावर दोन मुदती छापायची जागा असते. एकीपुढे एन आणि टी, दुसरीपुढे टी आणि आर. टी-आर म्हणजे परिवहन. गड्याच्या कार्डावर पहिली तारीख होती, दुसरी जागा कोरी. त्याला वाटे, जागा उरली म्हणून कोरी आहे! शब्दाने माणूस कसा फसतो पाहा. ट्रॉलीही ट्रेलर आणि तो अजगरही ट्रेलर. इंग्लंडातही मागे काय जोडले याचा घोळ होता. तिथे साध्या मोटारीला जड ट्रेलर जोडायला वेगळी परीक्षा असे. २०२१ च्या डिसेंबरात ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरपुरती ती काढून टाकली. पण आपण आपल्या नगर रस्त्याकडे पाहू.

अपघात झालाच असता तर? परवान्याशिवाय चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्याने गाडी हातात दिली त्या मालकालाही तेवढीच शिक्षा. वर विमा कंपनी हात वर करते. जखमींना तिने पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करायची मोकळीक न्यायालय देऊ शकते. बायांनो, हे तुम्हीही ऐका. घरधनी रात्री कोणती गाडी घेऊन जातो, ते विचारत चला.

आणि नुसता कागदाचा प्रश्न नाही. उतारावर मागचे वजन पुढच्याला ढकलते. वळणावर जोरात ब्रेक मारला, तर मागचा भाग आडवा फिरून पुढच्याला येऊन भिडतो, घडीच्या चाकूसारखा. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिन भरते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे शहाणे आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाच्या उतारावर एका मालट्रकने चाळिसावर गाड्या ठोकरल्या, ते तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. पोकलेन ओढायला नुसता दांडगा हात पुरत नाही.

आम्ही गड्याला विचारले, “इतकी वर्षे मोठा परवाना का काढला नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “आठवी पास लागतं म्हणं. आपण दुसरीत शाळा सोडली.”

मंडळी, याचे आम्हाला फार वाईट वाटले. तो म्हणतो ते एके काळी खरे होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला आठवा नियमच तसा होता : परिवहन वाहन चालवायचे तर आठवी पास पाहिजे. पण २०१९ साली ती अट काढून टाकली. तेव्हापासून हा माणूस उघड्या दारासमोर दार बंद समजून बसला होता. कोणी सांगितले नाही, आणि छापलेले वाचता येत नव्हते.

तर मग आता काय लागते? वय २० पुरे पाहिजे. हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना पाहिजे. डॉक्टरचा दाखला पाहिजे, त्यात नजरही तपासतात. मोटार शिकवणाऱ्या मान्य शाळेचे प्रमाणपत्र पाहिजे. आधी शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो. निदान ३० दिवसांनी गाडी चालवून दाखवायची. पास झालात की परिवहनाची नोंद पाच वर्षांची मिळते. ती संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला नाही, तर पुन्हा परीक्षा. स्फोटक किंवा विषारी माल वाहायचा तर नियम आणखी कडक आहेत, त्यात आज शिरत नाही.

ट्रॉलीवाल्यांना एक सांगायचे राहिले. ट्रॉलीला तिचा स्वतःचा नंबर असतो, तो बाजूला लिहायचा. शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर दिसला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. चिखलाने तो बुजला असेल तर फडके मारा. आणि ट्रॅक्टरला आसन एकच असते. मडगार्डवर पोरे बसवू नका.

गड्याने मालकाला हे सारे सांगितले. मालक कुरकुरला. पगारवाढ थांबली आणि ट्रेलरवर दुसरा परवानेवाला आला. गडी पुन्हा ट्रॉलीवर गेला. पण डॉक्टरचा दाखला त्याने काढला आहे. सोमवारी सकाळी तो आळंदी रस्त्याला फुलेनगरच्या परिवहन कार्यालयात चौकशीला जाणार आहे. बरोबर आम्हीही जाणार. आणखी कोणाला यायचे असेल त्याने दहाच्या आत वर्गापाशी यावे.

आता फळ्याकडे पाहा. टी असा काढतात, आर असा. आपापली कार्डे बाहेर काढा आणि टी-आरच्या पुढे कोणती तारीख आहे ती एकेकाने मोठ्याने वाचा.