परवानगी कुणाला दिली आहे?



परवा मी माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये पाहिलं, किती अ‍ॅप्सना माझं लोकेशन दिसतं. एकोणीस निघाली. त्यातलं एक नमाजच्या वेळा सांगणारं होतं, आणि त्याला ‘नेहमी’ अशी परवानगी मीच दिली होती.

मला २०२० ची बातमी आठवली. ‘मुस्लिम प्रो’ हे कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेलं अ‍ॅप. त्यातून लोकांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होतं. ही कंपनी तो डेटा विकायची आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर अ‍ॅपवाल्यांनी तिच्याशी संबंध तोडले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं संवेदनशील ठिकाणांचा डेटा विकण्यावर तिला बंदी घातली, ती २०२४ मध्ये. तोवर गेलेली माहिती परत येत नाही.

घरी हे सांगितलं तर धाकटी बहीण म्हणाली, “भाई, आपण काय चोरी करतोय? बघू दे त्यांना.” मी म्हटलं, “मग तुझा फोन अनलॉक करून दे, मोहल्ल्यात फिरवून आणतो.” ती हसली, पण फोन दिला नाही.

खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. माझ्या घरात कोण येणार हे मी ठरवणार, एवढंच. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

मी काय केलं? नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात. मशिदीतल्या वर्षभराच्या वेळापत्रकाचा फोटो काढला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं. ब्राउझर फायरफॉक्स, शोधायला डकडकगो, नकाशासाठी इंटरनेटशिवाय चालणारं ऑरगॅनिक मॅप्स. व्हॉट्सअ‍ॅप मात्र सुटलं नाही. कॉलेज, नातेवाईक, सगळे तिथंच. तिथला मजकूर कुलूपबंद असतो, पण कोण कुणाशी कधी बोललं, ही माहिती कंपनीपर्यंत पोचतेच. म्हणून घरच्या पाच जणांचा ग्रुप सिग्नलवर नेला. अम्मीला आणायला पंधरा दिवस लागले!

एकट्यानं एवढंच होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. त्याबद्दल प्रश्न विचारणं हे आपलं नागरिक म्हणून काम आहे, आणि ते सगळ्यांनी मिळून करायचं आहे.

सुरुवात मात्र खिशातून होते. आता सगळ्यांनी फोन काढा. लोकेशनची यादी उघडा. ज्याची गरज नाही अशी एक तरी परवानगी काढून घ्या.

मी थांबतो.