कानाची मशीन घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी येथे दिवाळीच्या फराळावर बोलले, ते काम सोपे होते. आज विषय कानाचा आहे, आणि त्यात मला माझी स्वतःचीच चूक सांगावयाची आहे.

आमच्या सासूबाईंचे वय ७४. मिहानलगत राहावयास आल्यापासून त्यांना ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा आम्ही सारा दोष डोक्यावरून जाणाऱ्या विमानांवर टाकला. पुढे त्या भजनाला जाईनाशा झाल्या. नातवाने काही विचारले की नुसत्या हसत. म्हाताऱ्या माणसाला हवे तेवढेच ऐकू येते, असे घरात सर्वांचे मत पडले. त्यात मीही होते.

मग मी एका दुकानातून आवाज मोठा करणारी बाराशे रुपयांची डबी आणली. चिठ्ठी नको, तपासणी नको. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि सासूबाईंनी ती कानातून उपटून ताटात ठेवली. म्हणाल्या, "आवाज तं लय येते बाई, पण बोलनं समजत नाही." सवय नाही म्हणून असे होते, असे आम्ही ठरविले. डबी कपाटात गेली ती दीड वर्ष तेथेच राहिली.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वयोमानाने कान उतरतो तो सगळ्या आवाजांना सारखा उतरत नाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, त ही व्यंजने त्यांत येतात. आ, ओ हे भरदार स्वर मागे राहतात. म्हणून कोणी बोलते आहे हे कळते, पण साखर म्हणाले की भाकर, ते कळत नाही. शिवाय हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज पूर्वीइतकाच, कधी अधिकच, टोचतो. साधी डबी पंखा, मिक्सर आणि माणूस यांना एकाच मापाने वाढविते. नीट बसविलेले श्रवणयंत्र कानाच्या आलेखाप्रमाणे जेथे उणे तेथे भर घालते व मोठ्या आवाजाला आवर घालते.

शेवटी आम्ही मिहानमधल्या एम्समध्ये गेलो. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेले हे रुग्णालय आमच्या गच्चीवरून दिसते! तेथे आधी काय निघाले? उजव्या कानात घट्ट बसलेला मळ. तो काढला, मग आलेख झाला, मग यंत्र. दीड वर्ष त्या माउलीने मळाच्या बोळ्यापायी काढले, आणि आम्ही तिला हट्टी म्हटले.

तरी डब्यांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. २०१७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी पाच यंत्रे ४२ वृद्धांना लावून पाहिली. काहीच न लावता बोलणे शेकडा सुमारे ७७ समजत होते, श्रवणयंत्राने ८८. काही डब्या त्याच्या अगदी जवळ पोहोचल्या. सर्वांत स्वस्त डबीने मात्र ते ६५ वर आणले! तेथे २०२२ पासून दुकानात चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्रे मिळू लागली, पण ती अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी, आणि आवाजाला कमाल मर्यादा घालून.

तेव्हा एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल किंवा रुग्ण मूल असेल, तर दुकानाची पायरी चढू नका. कान एकाएकी बंद झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेथे आठवडा वाया घालविणे महागात पडते. पैशाची अडचण मी जाणते. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी ३००० रुपये देऊ केले. त्यात उत्तम यंत्र येत नाही, पण हातभार लागतो.

सासूबाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी जमाखर्चाचा अहवाल सुरू झाला, तेव्हा त्यांनी यंत्र काढून पिशवीत ठेवलेले मी पाहिले.