पाणी गिळणारे डोंगर



डोंगर चढणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, वाट आणि पाणी. आपल्या सह्याद्रीत किल्ल्यावर गेलात तर माथ्यावर कातळात खोदलेली टाकी दिसतात. पावसाळ्यात ती भरतात आणि कित्येकांत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकते. कारण आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पाणी धरून ठेवतो. पण जगात असेही डोंगर आहेत की, त्यांच्या माथ्यावर पावसाचा वर्षाव होतो, हिवाळाभर बर्फ साचते आणि तरीही वर चालणाऱ्याला घोटभर पाणी सहसा सापडत नाही. हे डोंगर पाणी गिळून टाकतात. अशाच एका मुलखाची आज माहिती करून घेऊ.

युरोपात इटली आणि ऑस्ट्रिया यांना लागून स्लोव्हेनिया नावाचा लहानसा देश आहे. पूर्वी तो युगोस्लाव्हियाचा भाग होता, 1991 साली स्वतंत्र झाला. त्याच्या वायव्येला ज्युलियन आल्प्स ही पर्वतरांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर त्रिग्लाव, उंची 2,864 मीटर. आपले कळसूबाई 1,646 मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. नाव कानाला ओळखीचे वाटते ना? ‘त्रि’ म्हणजे तीनच, आणि ‘ग्लावा’ म्हणजे डोके. तीन डोक्यांचा तो त्रिग्लाव. त्यांची भाषा आणि आपली संस्कृत मुळात एकाच कुळातल्या, म्हणून हा ‘त्रि’ दोन्हीकडे आहे.

हे डोंगर बहुतांशी चुनखडकाचे आहेत. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले, प्रवाळ आणि चुन्याचा गाळ यांचे थर साचले, त्यांचा दगड झाला आणि पुढे तो उचलला जाऊन डोंगर बनला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. त्यामुळे ते किंचित आंबट होते आणि हा आंबटपणा चुनखडकाला हळूहळू विरघळवतो. आधी दगडावर नांगरटीच्या तासांसारख्या खाचा पडतात. मग भेगा रुंदावतात, भेगांची बिळे होतात, बिळांच्या गुहा होतात. याच पर्वतात कानीन नावाच्या डोंगरावर एक कपार थेट 603 मीटर खोल गेली आहे, मध्ये टप्पा म्हणून नाही! अशा भूमीला सगळे जग ‘कार्स्ट’ म्हणते. तो शब्दही स्लोव्हेनियातल्याच ‘क्रास’ या पठाराच्या नावावरून आला.

मग गिळलेले पाणी जाते कुठे? डोंगराच्या पोटातून वाट काढत ते खाली कड्याच्या तोंडाशी येते आणि एकदम बाहेर पडते. या मुलखातले मोठाले धबधबे असेच झालेले आहेत. बोहिन सरोवराच्या वरच्या अंगाला सावित्सा हा धबधबा आहे, 78 मीटर उंचीचा. आपल्याकडे धबधबा म्हणजे वरून ओढा वाहत येतो आणि कड्यावरून खाली पडतो. इथे वर ओढाच दिसत नाही. उभ्या भिंतीतल्या भोकातून पाणी उसळते आणि खाली हिरव्या डोहात कोसळते. पाहायला जायचे तर पाचशेवर पायऱ्या चढाव्या लागतात. दुसऱ्या बाजूला, सोचा नदीच्या खोऱ्यात, बोका नावाचा धबधबा आहे. नावाला हसू नका, त्यांच्या भाषेत त्याचा आपल्या बोक्याशी काही संबंध नाही. त्याची मुख्य उडी 106 मीटरची. वर बर्फ वितळू लागले की त्याला जोर येतो.

आता चालण्याच्या वाटांकडे वळू. सावित्सापासून कोमार्चा नावाच्या उभ्या कड्यातून एक वाट वर जाते. अवघड जागी लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत, धरायला तारदोर आहेत. ज्याला ही चढण झेपणार नाही त्याच्यासाठी कोम्ना पठारावरून जाणारी वळणावळणांची सोपी वाट आहे. पहिल्या महायुद्धात सैन्याचे सामान खेचरांवरून नेण्यासाठी ती बांधली गेली. वर पोचले की सात सरोवरांचे खोरे लागते. तुम्ही विचाराल, दगड पाणी गिळतो म्हणता, मग सरोवरे कशी राहिली? प्राचीन काळी इथे हिमनद्या होत्या. त्यांनी खोलगट जागा कोरल्या आणि तळाशी बारीक गाळ पसरला. त्या गाळाच्या लिंपणामुळे पाणी अडले. चुनखडीच्या मुलखातले शेतकरीही हेच करीत. गुरांना प्यायला पाणी हवे म्हणून खळग्याचा तळ चिकणमातीने चोपून तळे करीत. अशा तळ्याला ते ‘काल’ म्हणतात.

वाटा मुळात गुराख्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या. 1778 साली बोहिनच्या बाजूचे चार जण त्रिग्लावच्या माथ्यावर प्रथम पोचले. 1893 साली तिथल्या लोकांनी गिर्यारोहकांचा संघ स्थापला. याकोब आल्याझ नावाच्या पाद्र्याने तर त्रिग्लावच्या माथ्याची जागा विकत घेतली आणि 1895 साली तिथे पत्र्याचा छोटा मनोरा उभारला. तो आजही आहे. पुढे आलोइझ क्नाफेल्त्स याने वाटेची एक खूण ठरवून दिली, पांढरा ठिपका आणि भोवती लाल कडे. आज देशभर झाडांवर, दगडांवर हीच खूण दिसते. 1953 साली मारिबोर गावापासून समुद्रकाठच्या आंकारानपर्यंत सुमारे 600 किलोमीटरची सलग वाट आखली गेली. चालणारा बरोबर एक वही ठेवतो आणि ठिकठिकाणच्या विश्रामघरांत व शिखरांवर तिच्यात शिक्के मारून घेतो.

आता या लोकांनी जे ओळखले ते नीट ध्यानात घ्या. या डोंगरात वाट आणि पाणी हे दोन वेगळे विषय नाहीत. आपल्याकडे जमिनीत मुरणारे पाणी माती-मुरुमातून हळूहळू गाळून निघते. चुनखडकात तसे होत नाही. वर भेगेत जे पडेल ते पाण्याबरोबर धावत खाली जाते आणि खालच्या गावाच्या झऱ्यात निघते. वर फेकलेली घाण डोळ्यांआड होते इतकेच, नाहीशी होत नाही. म्हणून ठरलेल्या वाटेनेच चालायचे, कचरा आपला आपण खाली न्यायचा, सरोवरात उतरायचे नाही, असे तिथले नियम आहेत. सरोवरांच्या या खोऱ्याला 1924 सालीच संरक्षण मिळाले. 1961 साली त्याला त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले आणि 1981 साली उद्यानाचा विस्तार झाला.

तरीही चूक झाली. या उंच सरोवरांत मुळात मासे नव्हते. 1991 साली कोणीतरी जोड-सरोवरात मासे आणून सोडले. तुम्ही म्हणाल, मासे सोडले तर काय बिघडले? त्या माशांनी पाण्यातले बारीक जीव खाल्ले. ते जीवच शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवीत होते. ते संपले, आणि शेवाळ माजले. त्यातच माणसांच्या वर्दळीची घाण. हजारो वर्षे निर्मळ राहिलेले पाणी बिघडायला फार दिवस लागले नाहीत. माणसाने एका हौसेपायी केलेली गोष्ट निस्तरायला किती तरी वर्षे जातात.

आपल्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. कोकणातल्या मंडळींना तो लगेच कळेल. जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी मुरते आणि पायथ्याशी झऱ्यातून निघते. सड्यावर घाण टाकली तर झरा कसा शुद्ध राहील? घाटावरच्या विहिरीचेही तेच. पाणी आपल्या विहिरीत कुठून येते, हे ठाऊक नसेल तर ते राखायचे कुठे, हेही ठाऊक होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना. वर्गात चुनखडीचा एक तुकडा आणा. चंद्रपूर-यवतमाळकडे असा दगड सिमेंटसाठी काढतात. तो नसेल तर शिंपला चालेल. त्यावर लिंबाचा रस पिळा, बारीक बुडबुडे येताना दिसतील. मग तोच रस काळ्या दगडावर टाका, काही होणार नाही. एवढ्या प्रयोगाने त्रिग्लावच्या गुहा मुलांच्या बाकावर येतील. आणि मुलांना एक दिवस गावाबाहेर न्या, ओढ्याच्या उगमाकडे चालत न्या. आपल्या हंड्यातले पाणी कुठून सुरू होते, वाटेत त्यात काय काय मिसळते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

डोंगर पाणी गिळतो, पण ते परत देतो. देताना मात्र, आपण वर जे टाकले असेल तेही तो त्यातून परत देतो.