तीन चेहरे आणि एक खोडरबर
(यंदाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला १५ मिनिटं दिली आहेत, त्यातली दोन माइक सुरू होण्यातच गेली. मी काही वक्ता नव्हे. इथे भिलाईत ३२ वर्षं ड्रॉइंग बोर्डावर रेषा मारल्या. निवृत्त झालो तरी हात स्वस्थ बसेना, म्हणून जुन्या कलावंतांची पेन्सिलीने चित्रं काढू लागलो. चित्राखाली त्या माणसाची हकिकत लिहितो. त्यातली काही बाहेर पॅसेजमध्ये लावली आहेत. आमच्या ऑफिसातली अमराठी मित्रमंडळीही आज आली आहेत. यातले बहुतेक चेहरे त्यांनीही पडद्यावर पाहिले असतील, नावं मात्र आठवणार नाहीत. खरं सांगायचं तर आपल्यालाही आठवत नाहीत.

पहिलं चित्र अण्णा साळुंक्यांचं. दादासाहेब फाळके १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ बनवत होते तेव्हा तारामती व्हायला कोणी बाई मिळेना. शेवटी मुंबईतल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना त्यांनी साडी नेसवली. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! पुढे ते कॅमेऱ्यामागेही गेले. एवढा माणूस, पण मला काढायला सापडली ती साडीतलीच छबी. म्हणून चित्रात तारामती आहे आणि शेजारी एक चौकट कोरी ठेवली आहे.

आता पुढची दोन चित्रं. ती मी मुद्दाम शेजारी शेजारी लावली आहेत.

येवल्याची अंबा सगुण, म्हणजे आपल्या ललिता पवार. मूकपटांच्या काळापासून काम करत होत्या, नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात प्रसंग होता थप्पड मारण्याचा. समोरचा नट नवखा नव्हता, पण हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. उपचारांत काही वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचं काम तिथे संपलं.

तो हात होता भगवान पालवांचा. आपले भगवानदादा.

तीन वर्षांपूर्वी मी ललिताबाईंचं चित्र याच हॉलमध्ये लावलं होतं. ड्राफ्ट्समनची सवय बघा, आधी मध्यरेषा मारायची आणि दोन्ही बाजू जुळवायच्या. मी दोन्ही डोळे सारखे काढले. मला वाटलं, बाईंवर उपकारच केले. आमच्या सेक्टरमधल्या एक काकू चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलणं जरा जड येत होतं. मला म्हणाल्या, “भाऊजी, तिचा डोळा का हो दुरुस्त केलात? त्याच डोळ्यावर तिने पुढची सगळी वर्षं संसार चालवला.”

मी काही उत्तर दिलं नाही. घरी येऊन खोडरबर घेतला.

काकूंचं खरंच होतं. खाष्ट सासू त्या डोळ्यातून उभी राहिली. १९८७मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, तेव्हा मंथरा म्हणून घराघरांत शिव्या खाल्ल्या त्या ललिताबाईंनीच. आणि त्याच डोळ्यातून ‘अनाडी’तली मिसेस डिसा एवढी मायाळू दिसते, की १९५९चा तो सिनेमा मी अजून तिच्यासाठी बघतो. नवा डोळा काढायला मला अकरा दिवस लागले. बारीक डोळा काढणं सोपं आहे, पण तो केविलवाणा दिसू नये हे अवघड.

भगवानदादांच्या बाबतीत मी उलटी चूक केली होती. गिरणी कामगाराचा हा मुलगा. स्वस्तातले स्टंटपट काढता काढता १९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळं स्वतः. गीता बाली नायिका, संगीत चितळकर रामचंद्रांचं. बंगला आला, गाड्या आल्या. पुढचे सिनेमे पडले आणि सगळं गेलं. उरली दादरची चाळ आणि मिळतील ती बारीकसारीक कामं. २००२ साली ते गेले. मी त्यांना चाळीत खाली मान घालून बसलेले काढलं होतं. बघणारे हळहळायचे आणि मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं मला नंतर खटकलं.

कारण दादरची मंडळी दुसरंच सांगतात. गणपतीच्या मिरवणुका म्हणे त्यांच्या घराखाली थांबायच्या आणि पोरं ‘अलबेला’च्या ठेक्यावर नाचायची. तो नाच म्हणजे काय? गुडघ्यात किंचित वाकायचं, हात अर्धेच उचलायचे आणि खांदे हलवायचे. शिकावं लागत नाही. परवा आपल्या आगमनाच्या मिरवणुकीत सचिवसाहेब जे नाचले, ते तेच होतं. (हसू नका, माझ्याकडे फोटो आहे.) २०१६मध्ये भगवानदादांवर मराठी चित्रपट आला, ‘एक अलबेला’. तेव्हा कुठे माझ्या नातवाला कळलं की ही स्टेप कोणाची.

तर आता चित्रात चाळ आहे, खिडकीही आहे, पण दादांची मान वर आणि हात अर्धे उचललेले. थप्पड दोघांच्याही हकिकतीत लिहिली आहे, एकाच शब्दांत. ती एकाकडे ठेवून दुसऱ्याकडे गाळावी असं मला दोनदा वाटलं होतं.

माझी वेळ संपली, सचिवसाहेब घड्याळ दाखवताहेत. चित्रांशेजारी पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे. एखादी गोष्ट चुकली असेल तर तिथेच लिहा. काकू, तुम्ही आधी जा, गर्दी होईल.