इंजेक्शनबद्दलचा पुरावा आपणच शोधूया

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



१९८६ साली स्त्री-संघटना 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा परदेशातलं संशोधन पाहायचं तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड चाळावे लागत. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 'पबमेड' ही सूची इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली केली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. एवढ्या ढिगाऱ्यातून नेमकं हवं ते कसं काढायचं, हे आज एकच प्रश्न घेऊन पाहू.

प्रश्न वस्तीतलाच आहे. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन मोफत मिळतं. आपल्याला डेपो-प्रोव्हेरा म्हणून माहीत असलेलं औषध ते हेच. बाया विचारतात, "ताई, यानं हाडं ठिसूळ होतात म्हणे, खरं का?" एकदा टोचलं की ते औषध शरीरातून काढून घेता येत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी तिला खरं उत्तर मिळायला हवं. 'काही होत नाही' असा पोकळ धीर नको आणि ऐकीव भीतीही नको.

सुरुवात कागदावर करा. चार रकाने आखा: कोणती बाई, कोणतं औषध, कशाच्या तुलनेत, आणि काय परिणाम. शेवटच्या रकान्यात 'हाडांची घनता' आणि 'फ्रॅक्चर' हे दोन्ही वेगवेगळे लिहा. घनता हे यंत्राने घेतलेलं माप आहे, तर हाड मोडणं बाईला सोसावं लागतं. पुष्कळ अभ्यास फक्त माप घेऊन थांबतात.

आता प्रत्येक रकान्यातल्या गोष्टीची सगळी इंग्रजी नावं लिहा. औषधासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, डीएमपीए, डेपो-प्रोव्हेरा. एकाच गोष्टीची नावं 'ऑर'ने जोडून कंसात घाला आणि मग असे दोन कंस 'अँड'ने जोडा. 'ऑर'ने जाळं पसरतं, 'अँड'ने ते आवळतं. 'नॉट' मात्र जपून वापरा. 'पुरुष नकोत' म्हणून 'मेन' हा शब्द वगळलात, तर स्त्री-पुरुष दोघांचा उल्लेख असलेले लेखही निघून जातात.

दुसरं हत्यार म्हणजे 'मेश'. लेखकाने शीर्षकात कुठलाही शब्द वापरो, ग्रंथालय त्या लेखाला ठरावीक विषय-शब्द लावतं. औषधाच्या विषय-शब्दाला 'दुष्परिणाम' हा उपविषय जोडला की शोध नेमका होतो. पण अगदी नव्या लेखांना हे शब्द अजून लागलेले नसतात. म्हणून विषय-शब्द आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द, दोन्ही 'ऑर'ने जोडून शोधा. शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिलं की त्याची सगळी रूपं सापडतात. मात्र तारांकन किंवा अवतरणचिन्ह वापरलं की यंत्र स्वतःहून समानार्थी विषय-शब्द जोडत नाही. यंत्राने आपल्या शब्दांचा काय अर्थ लावला, ते 'ॲडव्हान्स्ड सर्च'च्या पानावर 'डिटेल्स' उघडून दरवेळी तपासा.

असं शोधल्यावर हाडांबद्दल काय हाती लागतं? इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता कमी होते आणि बंद केल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९२ साली हे औषध गर्भनिरोधक म्हणून मंजूर केलं आणि २००४ साली त्याच्या वेष्टनावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला: दुसरी साधनं योग्य नसतील तरच दोन वर्षांहून अधिक काळ वापरावं. हा इशारा मराठीत बाईपर्यंत पोचतो का, हे आपापल्या दवाखान्यात विचारा.

आता वाचण्याबद्दल. २०२४ साली 'बीएमजे'मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास आला. मेंदूच्या आवरणाच्या गाठीसाठी, म्हणजे मेनिन्जिओमासाठी, शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांची तुलना ९०,३०५ इतर स्त्रियांशी केली होती. या इंजेक्शनाशी साडेपाच पटीहून अधिक धोक्याचा संबंध दिसला. आकडा मोठा आहे. पण इंजेक्शन घेतलेल्या स्त्रिया पहिल्या गटात ९ आणि दुसऱ्या गटात ११ होत्या, आणि ही गाठ मुळातच विरळ आहे. 'इंजेक्शनाने मेंदूत गाठ होते' असं पत्रक काढलं तर अधिकारी हाच ९ चा आकडा पुढे करून आपल्याला गप्प बसवतील. आणि आकडा लहान म्हणून इशारा झटकून टाकला, तर तोही बायांशी खोटेपणाच. अशा वेळी लेखाखालच्या 'साइटेड बाय'वर जा. नंतरच्या कोणकोणत्या अभ्यासांनी त्याचा आधार घेतला, ते तिथे दिसतं. लेख मागे घेतला गेला असेल तर तशी नोंद असते. २०१७ पासून लेखकांचे हितसंबंधही, दिलेले असतील तर, सारांशाखाली छापले जातात. कंपनीचा पैसा कुठे आहे, हे तिथे बघायचं.

एक गोष्ट पबमेड देणार नाही. उपकेंद्रात बाईने सांगितलेली अनियमित रक्तस्रावाची तक्रार वहीत उतरलीच नाही, तर ती कुठल्याच लेखात येत नाही. नोंद सापडली नाही याचा अर्थ त्रास झाला नाही, असा कुणी लावू लागलं तर तिथेच अडवा. आपल्या वस्तीतल्या नोंदी आपणच ठेवायला हव्यात.

शेवटी कामाचं. प्रत्येक गटातल्या दोघींनी मिळून शोध घ्यावा. वापरलेले शब्द, तारीख आणि किती नोंदी आल्या, हे वहीत लिहावं, म्हणजे दुसरीला तो शोध पुन्हा करून तपासता येतो. मोफत खातं उघडून शोध साठवला की नवे लेख ईमेलने कळत राहतात. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने बायांनी विचारलेला एक प्रश्न चार रकान्यांत मांडून आणावा. तिथूनच सुरुवात करू.