धर्मयुद्ध कशाला म्हणावे?



शाळेच्या इतिहासात एक लहानसा धडा असतो. जेरुसलेम या शहरासाठी युरोपातील ख्रिस्ती राजे आणि पश्चिम आशियातील मुसलमान सुलतान यांच्यात सुमारे दोनशे वर्षे युद्धे झाली, त्यांना धर्मयुद्धे म्हणतात, असे त्यात सांगितलेले असते. पुढे सनावळी, राजांची नावे, आणि परिणाम क्रमवार. मीही हा धडा पुष्कळ वर्षे असाच शिकवला. एके वर्षी सातवीच्या वर्गात धडा संपवून मी फळा पुसायला वळलो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग शेवटी जिंकलं कोण?"

वर्गात मुसलमान घरांतली चार मुले होती. साऱ्या वर्गाच्या माना त्यांच्याकडे वळल्या. "मुसलमान जिंकले," असे सांगून मी मोकळा झालो. त्या चौघांतल्या एकाने मान खाली घातली. जिंकल्याचे ऐकूनही त्याला आनंद झाला नव्हता. दूरदेशीच्या, आठशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा हिशेब मी त्या पोराच्या बाकावर नेऊन ठेवला होता.

त्या दिवशी जे सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट शब्दांची. त्या काळी लढायला निघालेले लोक स्वतःला बहुधा यात्रेकरू म्हणवत. अंगरख्यावर कापडी क्रूस शिवून ते निघाले, त्यावरून पुढे क्रुसेड हा शब्द झाला. अरब लोक त्यांना 'फरंज' म्हणत, म्हणजे फ्रँक लोक. हाच शब्द फारसीतून फिरत फिरत आपल्याकडे आला आणि आपण पोर्तुगिजांना फिरंगी म्हणू लागलो. म्हणजे त्या युद्धांची एक खूण आपल्या तोंडी आहे, आपल्याला ठाऊक नाही इतकेच.

पण धर्मयुद्ध हा शब्द आपला आहे, आणि त्याचा अर्थ निराळा आहे. भीष्मपर्वात युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दोन्ही पक्ष बसून नियम ठरवतात. रथीने रथीशी लढावे, पळणाऱ्यावर, शरण आलेल्यावर, निःशस्त्रावर हात टाकू नये. अशा नियमाने लढलेले ते धर्मयुद्ध. धर्माच्या नावाने लढलेले नव्हे, धर्माने लढलेले. आता आपल्याकडेही ते नियम मोडले गेलेच. अभिमन्यूचे काय झाले, कर्णाचे चाक रुतले तेव्हा काय झाले, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण माप तरी आपल्यापाशी आहे. त्याच मापाने ही दोनशे वर्षे मोजून पाहू.

जेरुसलेम हे तिघांचे क्षेत्र. यहुद्यांचे प्राचीन मंदिर तिथले, ख्रिस्ताला क्रुसावर चढवले आणि पुरले ते तिथे, आणि पैगंबर स्वर्गारोहणाला निघाले तेही तिथूनच, अशी मुसलमानांची श्रद्धा. सातव्या शतकापासून तिथे मुसलमानांचे राज्य होते. ख्रिस्ती यात्रेकरू येत-जात. मध्ये १००९ साली खलिफा हाकिम याने ख्रिस्ताच्या समाधीवरचे देऊळ पाडले, पण पुढे ते पुन्हा उभे राहिले. मग सेल्जुक तुर्कांचा जोर वाढला. १०७१ साली मान्झिकर्टच्या लढाईत त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाला धूळ चारली, वाटा असुरक्षित झाल्या, आणि पुढच्या सम्राटाने पश्चिमेकडे मदत मागितली.

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ गावी पोप दुसरा अर्बन याने पवित्र भूमी सोडवण्याची हाक दिली. जो जाईल त्याची पापाच्या प्रायश्चित्तातून सुटका होईल, असे वचन दिले. हे लोक निव्वळ लुटीच्या लोभाने गेले, असे पूर्वी म्हणत. ते खरे नाही. कित्येकांनी जमिनी गहाण टाकून वाटखर्च उभा केला. जमीन गहाण पडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. श्रद्धा खरी होती. पण श्रद्धा खरी असली म्हणजे हातून अधर्म होत नाही, असे थोडेच आहे?

वाटेतच त्याचा पडताळा आला. १०९६ साली ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांत, शेजारी राहणाऱ्या निरपराध यहुद्यांची यांतल्या टोळ्यांनी कत्तल केली. स्पायर गावच्या बिशपाने मात्र आपल्या गावातील बहुतेक यहुद्यांना वाचवले. तो बिशपही ख्रिस्तीच होता, हे मुलांना जरूर सांगावे.

पुढे तीन वर्षांची पायपीट, उपासमार, रोगराई सोसून सैन्य जेरुसलेमला पोचले. १५ जुलै १०९९ रोजी शहर पडले, आणि आत जे मुसलमान आणि यहुदी सापडले त्यांची सरसहा कत्तल झाली. जुन्या बखरींतले आकडे फार फुगवलेले आहेत, तेवढी वस्तीच त्या शहरात नव्हती. पण मेले ते हजारोंनी, आणि त्यांत बायकापोरे होती. आपले माप लावून पाहा. शरण आलेल्यावर हात टाकू नये हा नियम तिथे राहिला नाही.

आता अठ्ठ्याऐंशी वर्षे पुढे चला. जुलै ११८७ मध्ये हित्तीनच्या लढाईत सुलतान सलाहुद्दीनने, ज्याला युरोपात सलादिन म्हणतात, फिरंग्यांचे सैन्य मोडले. ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम त्याच्या हाती आले. कत्तल झाली नाही. पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच, असा दंड भरून लोकांनी निघून जावे असे ठरले. कित्येक गरिबांना त्याने आणि त्याच्या भावाने दंड न घेताच सोडले. हे मोठेपण खरे. पण शिक्षकांनो, त्याला देवपण देऊ नका. आधी त्याच्याही मनात शहर तलवारीने घ्यायचे होते. आतल्या बॅलियन नावाच्या सरदाराने निकराचा धाक घातला, तेव्हा तो तहाला आला. ज्यांचा दंड भरला गेला नाही असे हजारो लोक गुलाम झाले. आणि हित्तीननंतर धर्मसंघांच्या पकडलेल्या योद्ध्यांना त्यानेही मारले होते. चार वर्षांनी अक्को बंदराबाहेर इंग्लंडच्या रिचर्ड राजाने सुमारे २,७०० कैदी कापले. दोन्ही पारड्यांत पाप आहे. कोणाचे अधिक, हे तोलत बसलो तर दिवस मावळेल.

मग या सगळ्यात धर्म कुठेच नव्हता का? होता. पण तो बहुधा सनावळीच्या बाहेर होता.

इब्न जुबैर नावाचा स्पेनमधील मुसलमान प्रवासी ११८४ साली, म्हणजे हित्तीनच्या आधी तीनच वर्षे, दमास्कसहून अक्कोला गेला. त्याने वाटेतला बनियास गाव पाहिला. गाव सुलतानाकडे, आणि त्याला लागून फिरंग्यांची हद्द. खालचे रान दोघांचे. तो लिहितो की तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान शेती वाटून करतात, पीक निम्मेनिम्म घेतात, दोघांची गुरे एकत्र चरतात, आणि त्यावरून कोणी कोणावर अन्याय करीत नाही. वर सैन्ये लढत होती, आणि खाली व्यापाऱ्यांचे तांडे या राज्यातून त्या राज्यात बिनदिक्कत जात होते. याचे त्यालाही नवल वाटले. श्रोतेहो, ज्याच्या बांधाला दुसऱ्याचा बांध लागलेला आहे, त्याला या नवलाचे नवल वाटणार नाही.

आणि एकदा हेच शहाणपण राजांच्या हातून घडले. तेवढे सांगतो.

१२१९ साली फिरंगी सैन्याने इजिप्तमधील दमिएत्ता शहराला वेढा घातला होता. सुलतान होता अल-कामिल, सलाहुद्दीनचा पुतण्या. तुम्ही इजिप्त सोडा, मी जेरुसलेम देतो, असा निरोप त्याने धाडला. पोपच्या प्रतिनिधीने तो झिडकारला. दमिएत्ता पडले, पण १२२१ साली तेच सैन्य कैरोकडे निघाले आणि नाईलच्या पुरात सापडले. मिसरी लोकांनी बांध फोडले, रान चिखल झाले, सैन्य शरण आले. त्या सैन्यात ऑलिव्हर नावाचा धर्मोपदेशक होता. ज्यांच्या माणसांना आम्ही मारले त्यांनीच आम्हाला भुकेच्या वेळी भाकरी दिली, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

त्यानंतर आला सम्राट दुसरा फ्रेडरिक. सिसिली बेटात वाढलेला. तिथे अरबी बोलणारी मुसलमान प्रजा होती. मोहिमेवर निघायला उशीर केला म्हणून पोपने त्याला १२२७ साली बहिष्कृत केले होते. तशातच तो थोडे सैन्य घेऊन पॅलेस्टाइनला उतरला. तिकडे अल-कामिलचेही दमास्कसच्या भाऊबंदांशी बिनसले होते. दोघांनाही लढाई परवडणारी नव्हती. महिनोन्‌महिने वकिलांचे येणे-जाणे चालले, आणि फेब्रुवारी १२२९ मध्ये याफा येथे तह झाला. जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ख्रिस्ती लोकांकडे. जेरुसलेममधील मशिदींचे पवित्र आवार मुसलमानांकडेच. आणि सुमारे दहा वर्षे युद्ध बंद. ज्या शहरासाठी लाखो लोक घर सोडून निघाले, ते एकही लढाई न होता हाती आले.

फ्रेडरिक जेरुसलेमला गेला तेव्हाची एक गोष्ट अरब इतिहासकार इब्न वासिल सांगतो. सम्राटाच्या पाहुणचारासाठी सुलतानाने नाब्लुसचा काझी दिला होता. पाहुण्याला बरे वाटावे म्हणून काझीने त्या रात्री बांग देऊ दिली नाही. सकाळी सम्राटाने विचारले, आज बांग का नाही झाली? काझी म्हणाला, आपला मान राखण्यासाठी. त्यावर सम्राट म्हणाला की हे तुम्ही चुकलात. मी रात्री इथे राहिलो त्यात ती बांग ऐकण्याचीही इच्छा होती.

आता तुम्ही म्हणाल, मग दोघांचाही जयजयकार झाला असेल. नाही हो! जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने त्याच पवित्र शहरात पूजाविधी बंद करण्याचा हुकूम दिला, कारण बहिष्कृताने मिळवलेले शहर! मे महिन्यात सम्राट अक्कोहून परत निघाला, तेव्हा खाटिकांच्या आळीतून लोकांनी त्याच्यावर जनावरांची आतडी फेकली. इकडे दमास्कसच्या मोठ्या मशिदीत सुलतानाच्या निषेधाचे प्रवचन झाले आणि लोक ढसाढसा रडले. ज्यांनी रक्त सांडले त्यांचे पोवाडे झाले. ज्यांनी ते वाचवले, ते आपापल्या लोकांत फितूर ठरले.

हे दोघे साधुसंत होते असे मी म्हणत नाही. दोघांनीही आपला स्वार्थ पाहिला. याच फ्रेडरिकने सिसिलीतील बंडखोर मुसलमानांना त्यांच्या गावांतून उठवून इटलीत लुचेरा येथे नेऊन बसवले होते. तहही फार टिकला नाही. मुदत संपताच ओढाताण सुरू झाली, १२४४ साली ख्वारिझमी घोडेस्वारांनी जेरुसलेम लुटले, आणि १२९१ साली अक्को पडून फिरंग्यांचे तिथले राज्य संपले. पण कोणी साधू नसतानाही, स्वार्थ सांभाळूनही, माणसे समोरासमोर बसून वाटणी करू शकतात, दुसऱ्याच्या देवाची जागा त्याच्याकडे ठेवू शकतात, एवढे त्या तहाने दाखवून दिले. आपल्या मापाने या दोनशे वर्षांत धर्माच्या जवळ जाणारे काही शोधायचे, तर बनियासचे ते रान आणि याफाचा तो कागद यांच्याकडेच बोट दाखवावे लागेल.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, हा धडा शिकवाल तेव्हा फळ्यावर दोन साले शेजारी शेजारी लिहा: १०९९ आणि १२२९. दोन्ही वेळा जेरुसलेम ख्रिस्ती लोकांना मिळाले. मग मुलांनाच विचारा, या दोन मिळण्यांत फरक काय? आणि पहिल्याचे गोडवे गायले गेले, दुसऱ्याला आतडी फेकून मारली, असे का व्हावे? उत्तर तुम्ही सांगू नका. मुलांना बोलू द्या.

आणि मागच्या बाकावरून कोणी विचारलेच, "गुरुजी, जिंकलं कोण?" तर माझ्यासारखे घाईने मोकळे होऊ नका. बनियासच्या रानात दोघांची गुरे एकत्र चरत होती, तिथून सांगायला सुरुवात करा. म्हणजे वर्गात कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही.