केस पेपरवरील एक रकाना
(संस्थेच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले निवेदन)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च मांडतो. आज मात्र आमच्या केस पेपरवर नसलेल्या एका रकान्याविषयी निवेदन करावयाचे आहे.

पैठण तालुक्यातील एक शेतकरी उस्मानपुऱ्यातील आपल्या नेत्रविभागात आले. अंधुक दिसते, एवढीच तक्रार. त्यांना चष्म्याचा नवा नंबर देण्यात आला. चार महिन्यांनी ते परतले, तेव्हा उजव्या डोळ्याला समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसत होता. थेंब घालून बाहुली मोठी केली असता पडद्यावर सूज व रक्तस्राव आढळला. मधुमेह नव्हता. चौकशीअंती चिरंजीव म्हणाले, ‘दोन वर्षांपूर्वी नाकाजवळच्या कर्करोगासाठी रेडिएशन झाले होते.’ पहिल्या भेटीत आम्ही हे विचारलेच नव्हते. हा दोष आमचा.

हा विकार वैद्यकशास्त्राला १९३३ पासून ज्ञात आहे. किरणांच्या मार्गात डोळा आल्यास पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते; त्या हळूहळू पाझरतात, बुजतात. म्हणूनच त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षांनी, क्वचित त्याहूनही उशिरा जाणवतो. पडद्यावर ४५ ग्रेहून अधिक मात्रा पडल्यास धोका वाढतो; मधुमेह, रक्तदाब वा केमोथेरपीची जोड असल्यास कमी मात्रेतही संभवतो. नाक, सायनस, डोळ्याची खोबण यांच्या उपचारांत ही दक्षता विशेष हवी.

याचा अर्थ रेडिएशन टाळावे असा मुळीच नव्हे. त्याने प्राण वाचतात. आपल्या शहरात २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून मराठवाड्यातील अनेकांची मुंबईची फेरी वाचली आहे. मात्र कर्करोग बरा झाला म्हणून ती फाइल माळ्यावर टाकू नये. नेत्रतपासणीला येताना ती सोबत आणावी, ही आप्तजनांना विनंती.

आता प्रत्येक नेत्ररुग्णाच्या केस पेपरवर ‘रेडिएशन घेतले होते काय? कोठे व केव्हा?’ हा रकाना छापला आहे. डोके, चेहरा वा डोळ्याभोवती ते झाले असल्यास नजर चांगली असली तरी पडदा नियमित तपासला जाईल. रकान्यास खर्च नाही. पुढील उपचारांस आहे. डोळ्यातील इंजेक्शने एकदा देऊन भागत नाहीत, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार दृष्टी राखू शकत नाही. देणगीदारांनी या कामी हातभार लावावा.

त्या शेतकरी बंधूंच्या डोळ्याची सूज इंजेक्शनांनी उतरली. गेलेली नजर पूर्ण परतली नाही. दुसरा डोळा अद्याप निर्दोष आहे. ते ठरल्या दिवशी फाइल घेऊन येतात. त्यांची ती तारीख चुकू नये, एवढे उत्तरदायित्व आम्ही आपल्यासमक्ष स्वीकारतो.